१२ एमएम एमएस प्लेटचा कट बिघडला कुठे: ऑक्सिजन कटिंगच्या एका जॉबची पूर्ण हकीकत

जॉब तसा साधाच होता. आयएस २०६२ या स्टँडर्डमधल्या ई२५० ग्रेडच्या एमएसची, म्हणजे माइल्ड स्टीलची, १२ एमएम प्लेट, त्यातून माउंटिंग ब्रॅकेट कापायचा, साधारण १८० बाय २४० चा, चार कोपऱ्यांना एम१२ बोल्टसाठी १३.५ ची भोकं, मधे एक चौकोनी खिडकी, पुढे पावडर कोटिंग आणि मग बांधकामाच्या मशीनवर असेंब्ली. भोसरी एमआयडीसीतलं जॉबवर्कचं शॉप, ३ किलोवॅटची फायबर लेझर, बेड ३ मीटर बाय दीड मीटर, ऑक्सिजन ड्युरा सिलेंडरमधून. हाच ब्रॅकेट त्यांनी आधी कितीतरी लॉट कापून दिला होता आणि कटबद्दल कुणी ब्र काढला नव्हता. मग एका लॉटला कस्टमरच्या इनकमिंग इन्स्पेक्शनने सगळा माल अडवला. खालच्या कडेला छिन्नीनेही न सुटणारा स्लॅग (कापताना खाली चिकटून थिजलेला मळ), कटचा खालचा भाग खरबरीत, भोकात प्लग गेज (भोकाचं माप तपासायची दांडी) जात नाही, बाहेरचे कोपरे वितळलेले. शिवाय त्याच मेलमध्ये आधीच्या लॉटची एक वेगळीच तक्रार जोडलेली, की कडेवरचा पावडर कोट पापुद्रे निघाल्यासारखा सुटतोय.

मी गेलो तेव्हा मशीनकडे न जाता आधी रिजेक्ट मालाचा ट्रे काढायला लावला. हे मी नेहमीच करतो कारण कटच्या फेसवर सगळं लिहिलेलं असतं, फक्त वाचायला थांबावं लागतं. १२ एमएमचा ऑक्सिजनवरचा चांगला कट असा असतो की वरच्या दोनेक एमएममध्ये बारीक, जवळजवळ उभ्या रेघा दिसतात, खाली जाताना त्या किंचित मागे कलतात, बोट फिरवलं तर अडकत नाही, आणि खाली स्लॅग असलाच तर पीस जमिनीवर आपटला की गळून पडतो. इथे ट्रेमध्ये दोन प्रकारचे पीस एकत्र पडले होते. काहींना स्लॅग फक्त एका बाजूला होता आणि बाकीच्या तीन बाजू बऱ्यापैकी साफ होत्या. काहींना चारी बाजूंनी खालच्या अर्ध्या भागात खोल रेघा, मधेच खड्डे आणि खाली घट्ट स्लॅगची झालर. कुणी ते वेगळे काढलेच नव्हते, सगळ्यांवर "बर" (कडेला उरलेला धातू, शॉपमध्ये स्लॅगलाही हेच म्हणतात) एवढंच चिकटवलेलं. पण एका बाजूचा स्लॅग आणि चारी बाजूंचा स्लॅग ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांचं कारणही वेगळं आणि औषधही वेगळं, हे इथेच लक्षात घेतलं नाही तर पुढे सगळी चाचपणी अंधारात होते.

पॅनेलवर बघितलं तर लायब्ररीतलं, म्हणजे मशीनमध्ये साठवलेलं, १२ एमएमचं मूळ सेटिंग असं होतं: पॉवर २८०० वॅट, स्पीड ०.९५ मीटर प्रति मिनिट, ऑक्सिजन ०.६ बार, फोकस प्लस ४ (बीम एकवटतो ती जागा प्लेटच्या ४ एमएम वर), डबल लेयर नोझल ३.० (गॅस सोडणारं तोंड, भोक ३ एमएम), कटिंग हाइट ०.८ एमएम. चालू सेटिंग मात्र पॉवर ३०००, स्पीड ०.७, ऑक्सिजन ०.९ बार, फोकस प्लस ५. म्हणजे प्रत्येक आकडा हलवलेला, आणि कुठला कधी हलवला याची कुठे नोंद नाही. ऑपरेटर पोरगा हुशार होता, त्याने सरळ सांगितलं, "सर, बर आला की प्रेशर वाढवायचं आणि स्पीड उतरवायचा, आम्हाला हेच शिकवलंय." मी म्हटलं, "अरे बरोबर आहे, पण ते स्टेनलेसला."

हा मुद्दा जरा सावकाश सांगतो कारण अर्ध्या शॉपमध्ये गडबड इथेच होते. नायट्रोजनवर स्टेनलेस कापताना वितळवायचं काम पूर्णपणे बीम करतो, गॅस फक्त वितळलेला धातू खाली ढकलून देतो, त्यामुळे तिथे १०, १५, कधी २० बारपर्यंत प्रेशर लागतं आणि स्लॅग चिकटला तर प्रेशर वाढवून बघणं बरोबरच आहे. एमएस ऑक्सिजनवर कापताना गॅस स्वतःच कापतो. तापलेलं लोखंड ऑक्सिजनमध्ये जळतं, त्या जळण्यातून उष्णता निघते, आणि जाड प्लेटला लागणाऱ्या एकूण उष्णतेतला ढोबळमानाने निम्म्याच्या आसपासचा वाटा असा लोखंडाच्याच जळण्यातून येतो. लेझरला ऑक्सिजनची जोड देऊन स्टील कापायची ही पद्धत १९६७ ची, इंग्लंडमधल्या वेल्डिंग संशोधन संस्थेत पीटर हाउल्डक्रॉफ्ट यांनी ३०० वॅटच्या सीओटू लेझरवर ती करून दाखवली, आणि एवढ्या कमी पॉवरवर स्टील कापलं गेलं ते ऑक्सिजनमुळेच. तर आता बघा, तुम्ही स्पीड उतरवला, पॉवर चढवली आणि वर ऑक्सिजनही वाढवला तर काय होणार. चुलीत जाळ नीट लागलेला असताना फुंकणीने जोरात फुंकत राहिलं की जाळ चुलीबाहेर येतो, तसं इथे जळण बीमच्या बाहेर पसरतं. कटिंग हेड, जिथून बीम आणि गॅस येतो, हळू चाललंय आणि जळण त्याच्यापेक्षा जोरात पुढे पळतंय, थोडं पुढे जाऊन विझतंय, मग मागून बीम येतो आणि परत पेटतंय. प्रत्येक वेळी पेटून विझण्याची एक खोल रेघ फेसवर उमटते. कर्फ, म्हणजे कापलेली फट, रुंद होतो, कोपऱ्यात उष्णता साठून कोपरा वितळतो, आणि खाली ऑक्साइड आणि न जळालेलं लोखंड मिसळून जो स्लॅग बनतो तो घट्ट चिकटतो. म्हणजे बर घालवायला म्हणून जे जे केलं गेलं त्यानेच बर वाढत गेला, आणि तो वाढला म्हणून ते आणखी केलं गेलं.

म्हणून सगळ्यात आधी पॅनेलवरचे सगळे आकडे मूळ जागी नेले आणि ठरवलं की यापुढे एका वेळी एकच गोष्ट हलवायची आणि ती वहीत लिहायची.

पहिली टेस्ट चौकोनाची. प्लेटच्या मोकळ्या कोपऱ्यात ५० बाय ५० चा चौकोन कापायचा, पण उचलायच्या आधी खडूने त्याच्यावर बाण काढायचा, कुठली बाजू गॅन्ट्रीकडे (हेड ज्यावर सरकतं त्या पुलाकडे) होती ते कळायला. उचलल्यावर बाण नसेल तर सगळी टेस्ट वाया, आणि मी बघितलंय की लोक बाणच विसरतात. चारी बाजू सारख्याच खराब असतील तर फोकस, स्पीड किंवा गॅस बघायचा. एक किंवा शेजारच्या दोन बाजू खराब आणि समोरच्या साफ असतील तर बीम नोझलच्या मधोमध नाही, कारण नोझल ज्या दिशेला सरकलंय ती दिशा मशीनच्या मानाने कायम राहते पण कटिंगची दिशा मात्र चारी बाजूंना बदलते. आमच्या चौकोनाच्या एकाच बाजूला स्लॅग होता. मग टेप टेस्ट केली, नोझलच्या तोंडावर पारदर्शक टेप चिकटवून कमी पॉवरचा एक शॉट मारला, आणि टेप काढून उजेडात धरली तर जळालेला ठिपका नोझलच्या गोल ठशाच्या मधे नव्हता, उघड्या डोळ्यांना दिसेल इतका एका कडेला होता. नोझल काढून हातात घेतलं तर त्याच्या तोंडाला एका जागी चेप, भोक गोल राहिलेलंच नाही. ३.० च्या नोझलला ऑक्सिजन अर्ध्या बारच्या आसपास चालतो, इतक्या कमी प्रेशरला तोंडाला जरासा चेप असला तरी गॅसची धार एका बाजूला वळते. नोझल नवीन घातलं, सेंटरिंग केलं, परत चौकोन कापला, चारी बाजू सारख्या आल्या. एक दुखणं तिथे संपलं.

पण पंधरावीस मिनिटं सलग कापल्यावर दुसरं डोकं वर काढू लागलं. सुरुवातीचे ब्रॅकेट छान, मग हळूहळू खालचा भाग खरबरीत, मग चारी बाजूंनी स्लॅग. इथे दोन संशयित असतात आणि दोघांची लक्षणं डिट्टो सारखी दिसतात. एक म्हणजे प्लेट तापलीय, आजूबाजूला एवढे पीस कापून झालेत की लोखंड आधीच गरम आहे आणि ते बीम येण्याआधीच जळायला तयार आहे. दुसरं म्हणजे कटिंग हेडमधली प्रोटेक्टिव्ह ग्लास, म्हणजे लेन्स वाचवणारी काच, मळलीय, मळलेल्या जागी ती बीम शोषून तापते, आणि तापली की फोकसची जागा सरकते, बहुतेक वेळा वरच्या बाजूला. ऑक्सिजनच्या जाड कटला फोकस आधीच प्लेटच्या वर ठेवलेला असतो, तो आणखी वर गेला की प्लेटवरचा ठिपका पसरतो आणि खालच्या भागाला जोर पुरत नाही. आता या दोघांना वेगळं कसं ओळखायचं? सोपं आहे, पण त्या क्षणी करायला हवं. कट बिघडला त्याच मिनिटाला मशीन न थांबवता हेड प्लेटच्या दुसऱ्या टोकाला, जिथे काहीच कापलेलं नाही अशा थंड जागी न्यायचं आणि एक चौकोन कापायचा. थंड जागी कट चांगला आला तर प्लेट तापलीय. थंड जागीही तसाच खराब आला तर हेड तापलंय. मधे चहा पिऊन आलात तर दोन्ही थंड होतात आणि काहीच कळत नाही. आम्ही केलं, थंड जागीही कट खराबच आला. ग्लास काढून टॉर्चच्या तिरप्या उजेडात धरली तर मधल्या भागात बारीक पांढुरके ठिपके, एक तर चांगला मोहरीएवढा. समोरून बघितली असती तर ती स्वच्छच वाटली असती, आणि रोज सकाळी ती समोरूनच बघितली जात होती.

ग्लास बदलताना पंखा बंद, हेडच्या तोंडाला टेप, हातमोजे, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसलेला ट्रे, एवढं तरी पाळा. ग्राइंडरची धूळ उडत असताना दहा फुटांवर हेड उघडं ठेवलं तर आतली लेन्सही जाते आणि तिचा खर्च ग्लासच्या कितीतरी पट आहे.

नवीन ग्लास, नवीन नोझल, मूळ सेटिंग, कट सुंदर. बरेच लोक इथे थांबतात आणि आठवड्याने परत तेच होतं. ग्लासवर ठिपके आणि नोझलला चेप या दोन गोष्टी एकाच वेळी आल्या म्हणजे दोन्हीचं मूळ एक असायची शक्यता मोठी, म्हणून मी पिअर्सिंगचं, म्हणजे कट सुरू करायला आधी जे आरपार भोक पाडतात त्याचं, पान उघडायला लावलं. आणि तिथे सापडलं. मूळ सेटिंगमध्ये तीन टप्प्यांचं पल्स पिअर्सिंग होतं, पहिल्या टप्प्यात हेड प्लेटपासून चांगलं उंच, मग हळूहळू खाली, कमी ड्युटीवर (बीम चालू राहण्याचा वेळ कमी ठेवून) बारीक बारीक ठोके देत भोक पाडायचं. ते बदलून एकाच टप्प्यात, जास्त पॉवर, कमी उंची, कमी वेळ असं केलेलं. का केलं तेही समजण्यासारखं आहे. एका ब्रॅकेटला सहा पिअर्सिंग, चार भोकं, एक खिडकी, एक बाहेरची कड. एका प्लेटमध्ये पंचाहत्तरच्या आसपास ब्रॅकेट बसतात, म्हणजे साडेचारशे पिअर्सिंग. प्रत्येकी दोन सेकंद वाचले तरी प्लेटमागे पंधरा मिनिटं वाचतात, आणि डिलिव्हरी अंगावर आली की पंधरा मिनिटं कुणाला नको असतात. पण कमी उंचीवर एका दमात भोक पाडलं की उडालेलं वितळलेलं लोखंड जातं कुठे? अजून खालून भोक पडलेलं नसतं म्हणून ते वरच उसळतं, नोझलच्या भोकातून आत जाऊन ग्लासवर बसतं, आणि उरलेलं भोकाभोवती ढेकळासारखं थिजतं. मग हेड ०.८ एमएम उंचीवर कटिंगला निघतं, त्या ढेकळाला नोझल घासतं, चेप येतो, सेंटर हलतं. म्हणजे कटच्या पॅरामीटरमध्ये मूळ दोष नव्हताच, कट बिघडत होता तो कट सुरू होण्याआधी, त्या दोन सेकंदांत. सगळे जण स्पीड, पॉवर, प्रेशर हलवत बसले कारण स्लॅग कटला लागतो आणि हे तीन आकडे कटच्या पानावर असतात. पिअर्सिंगचं पान कुणी उघडलंच नाही.

तीन टप्प्यांचं पिअर्सिंग परत घातलं. वेळ वाचवायचाच असेल तर पिअर्सिंग झाल्यावर वरून हवेचा झोत मारून ढेकूळ उडवायची सोय त्या मशीनवर होती, ती चालू केली. लीड-इन, म्हणजे पिअर्सिंगपासून खऱ्या कडेपर्यंतची कटची रेघ, जरा लांब केली, म्हणजे पिअर्सिंगची घाण खऱ्या कडेपासून दूर राहते.

गॅसची बाजूही तपासली कारण ऑक्सिजनवरच्या कटमध्ये गॅस हा अर्धा मालक आहे. त्यात एक लहानशी गोष्ट हाती लागली. सकाळी याच हेडवर स्टेनलेसचा जॉब नायट्रोजनवर होतो आणि मग एमएसला ऑक्सिजन चालू करतात, तेव्हा पाइपमध्ये उरलेला नायट्रोजन पहिल्या काही पिसांना जातो. ऑक्सिजनची शुद्धता जराशी घसरली तरी जळण मंदावतं, ९९.५ टक्के आणि ९९.९५ टक्के यांच्यातला फरकसुद्धा जाड प्लेटला स्पीडमध्ये जाणवतो, मग पाइपमध्ये नायट्रोजन मिसळलेला असेल तर विचारूच नका. म्हणून गॅस बदलल्यावर काही सेकंद नुसता ऑक्सिजन सोडायचा हे प्रोग्रॅममध्येच घालून टाकलं. आणि प्रेशर बघायचं ते गॅस वाहत असताना बघायचं. बंद गॅसवर रेग्युलेटरचा काटा छानच दिसतो. ०.६ बारच्या कामात ०.१ बार इकडेतिकडे झालं तरी ते छोटं नाही.

मग फोकस. लायब्ररीतला प्लस ४ हा मशीन आलं तेव्हाचा आकडा, त्यानंतर हेड एकदा उघडलं गेलेलं, म्हणून प्लस २ पासून प्लस ६ पर्यंत अर्ध्या अर्ध्या एमएमने सरळ रेघा कापल्या, प्रत्येक रेघ साधारण ८० एमएमची, बाकी सगळं तेच ठेवून. कमी फोकसला कर्फ अरुंद, रेघा दाट पण खाली ऑक्साइडला निसटायला वाटच नाही, त्यामुळे तळाशी गाठी. जास्त फोकसला वरची कड गोलसर व्हायला लागते, कर्फ पसरतो. चांगला पट्टा मिळाला तो ३.५ ते ४.५ चा, मधला ४ कायम केला. मला इथे आकड्यापेक्षा पट्टा किती रुंद आहे हे जास्त महत्त्वाचं वाटतं. जिथे अर्धा एमएम इकडेतिकडे झाला तरी कट टिकतो तिथे सेटिंग ठेवायचं, कारण प्लेट कधीच एकदम सपाट नसते आणि दुपारपर्यंत ग्लासही थोडी तापतेच.

स्पीड मी ठिणग्यांवरून लावतो. प्लेटच्या खाली ठिणग्या सरळ खाली पडून जरा पसरत असतील तर स्पीड बरोबर. मागे कलून पडत असतील तर हेड जास्त पळतंय, खालचा भाग मागे राहतोय. ठिणग्या पसरत नाहीत, झुबक्याने एकाच जागी पडतायत, तर हेड रेंगाळतंय. सुरक्षेच्या काचेतून किंवा कॅमेऱ्यावरून बघायचं, दार उघडून वाकून अजिबात नाही, फायबर लेझरचा बीम डोळ्याला दिसत नाही पण डोळा घेऊन जातो. ०.९५ ला ठिणग्या बरोबर पडत होत्या. १.०५ पर्यंत नेऊन बघितलं, खाली रेघा मागे वळायला लागल्या, परत ०.९५ ला आणलं. थोडक्यात मुख्य कटचे सगळे आकडे फिरून मूळ जागीच आले.

भोकांचं मात्र वेगळं होतं. १२ एमएमच्या प्लेटला १३.५ चं भोक म्हणजे भोकाचा व्यास जवळपास जाडीएवढाच, इतक्या लहान गोलात सगळी उष्णता मधल्या चकतीत कोंडते. प्रोग्रॅम मात्र भोकं आणि बाहेरची कड एकाच स्पीडने कापत होता. त्यात लीड-इन जिथे गोलाला मिळते तिथे कट सुरू आणि बंद होतो, त्या जागी खालच्या बाजूला एक फुगवटा राहतो, आणि प्लग गेज अडत होतं ते नेमकं तिथे. भोकांसाठी प्रोग्रॅममध्ये वेगळा लेयर (सेटिंगचा वेगळा संच) केला, स्पीड साधारण निम्मा, पॉवर त्या मानाने खाली, पल्सवर, प्रेशर ०.५. स्पीड कमी केला तर मघाशी म्हटलं तसं जास्त जळणार नाही का, असं ऑपरेटरने लगेच विचारलं, आणि प्रश्न अगदी रास्त होता. म्हणूनच पॉवर आणि गॅस बरोबरीने उतरवायचे, नुसता स्पीड नाही. पल्समध्ये दोन ठोक्यांच्या मधे लोखंडाला निवायला क्षणभर मिळतो. लीड-इन सरळ रेघेऐवजी कमानीसारखी केली, म्हणजे बीम गोलाला अलगद चिकटतो. गेज सहज जायला लागलं. बाहेरच्या कोपऱ्यांना पॉवर स्पीडशी जोडली, कोपऱ्यावर हेड मंदावलं की पॉवरही आपोआप उतरते, आणि जिथे डिझाइनला चालतं तिथे १ एमएमची त्रिज्या दिली. हे कस्टमरच्या डिझाइनवाल्या मॅडमना फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या, "कोपऱ्याचं काहीच काम नाही, त्रिज्या द्या की." इतके दिवस धारदार कोपऱ्यासाठी मशीन झगडत होतं आणि तो कुणाला नकोच होता.

कटिंगचा क्रमही बदलला. आधी शेजारी शेजारी ओळीने कापायचे, आता एक सोडून एक, आणि प्रत्येक पिसात भोकं आधी, खिडकी मग, बाहेरची कड शेवटी.

एवढं झाल्यावर दुसरी प्लेट लावली आणि कट परत जरा खरबरीत आला. सगळ्यांचे चेहरे पडले. पण या वेळी चौकोन चारी बाजूंनी सारखा, ग्लास स्वच्छ, ठिणग्या ठीक. मग प्लेटवरचा हीट नंबर (स्टीलच्या एका ओतणीचा नंबर) बघितला, तो वेगळा. सर्टिफिकेट काढली तर पहिल्या हीटचं सिलिकॉन ०.०३ टक्के आणि दुसरीचं ०.२२. आयएस २०६२ ला ई२५० मध्ये ०.४० पर्यंत सिलिकॉन चालतं, त्यामुळे दोन्ही प्लेट स्टँडर्डप्रमाणे बरोबरच, ट्रेडरला बोल लावायची सोय नाही. पण लेझरला ती दोन वेगळी स्टीलं आहेत, सिलिकॉन वाढलं की फेस खरबरीत होतो आणि स्लॅग जास्त चिकट. शिवाय या दुसऱ्या प्लेटवरचं मिल स्केल (गरम रोलिंगमध्ये आलेला ऑक्साइडचा थर) जागोजाग सुटलेलं, स्केल एकसंध घट्ट असेल तर लेझरला त्याचा फार त्रास नाही, अर्धवट सुटलेलं आणि गंजलेलं असेल तर बीम खालच्या लोखंडाला कधी लागतो कधी नाही. अशा प्लेटला कमी पॉवरने आधी एकदा रेघ फिरवून वरचा थर जाळून घ्यायचा आणि मग कापायचं हा उपाय आहे, पण वेळ खूप जातो. आम्ही स्पीड ०.८५ वर आणला, पॉवर त्या प्रमाणात खाली, आणि फेस स्वीकारण्याजोगा आला. पहिल्या हीटइतका गुळगुळीत नाही, तसा येणारही नाही.

आता पावडर कोट सुटण्याची तक्रार. ही सेटिंगने मिटत नाही, आणि हे कस्टमरला स्पष्ट सांगायला हवं होतं, कुणी सांगितलं नव्हतं. ऑक्सिजनवर कापलेल्या कडेवर ऑक्साइडचा करडा-काळा पातळ थर राहतोच, कट कितीही सुरेख असो. पावडर त्या थराला धरते आणि तो थर लोखंडाला नीट धरत नाही, म्हणून एखाद्या ठोक्याला कोटिंग थरासकट निघतं. नायट्रोजनवर कापलं तर हा थर येत नाही पण ३ किलोवॅटवर १२ एमएम एमएस नायट्रोजनने कापणं हा विचारच सोडून द्या, त्याला कितीतरी मोठी पॉवर लागते. मग उपाय एकच, कोटिंगच्या आधी कड शॉट ब्लास्ट करायची (बारीक छर्र्यांचा मारा करून साफ करायची) किंवा बेल्टवर घासायची. कोटिंगवाल्याचं फॉस्फेटिंगचं (कोटिंगआधी पीस रसायनात बुडवायचं) टाकं हा थर पुरता काढेल असं गृहीत धरलेलं होतं, ते तसं होत नाही. शॉट ब्लास्टिंग ठरलं, त्याचा पिसामागे वेगळा दर ठरला.

आणि शेवटी ड्रॉइंग. ड्रॉइंगवर नुसतं "लेझर कट, बर फ्री" लिहिलेलं. याच्यावर कुणीही कितीही भांडू शकतं, कारण बर म्हणजे किती आणि खरबरीत म्हणजे किती हे कुठेच नाही. थर्मल, म्हणजे उष्णतेने होणाऱ्या, कटिंगला आयएसओ ९०१३ हे स्टँडर्ड आहे, त्यात कटचा तिरपेपणा आणि फेसचा खरबरीतपणा यांच्या रेंज जाडीप्रमाणे दिलेल्या आहेत. १२ एमएमला तिरपेपणाची रेंज २ म्हणजे ०.१५ अधिक ०.००७ गुणिले १२, साधारण ०.२३ एमएम. खरबरीतपणाची रेंज ३ म्हणजे ७० अधिक १.२ गुणिले १२, साधारण ८४ मायक्रॉन. कस्टमरशी बसून तिरपेपणाला रेंज २, खरबरीतपणाला रेंज ३ आणि मापांच्या टॉलरन्सला क्लास १ ठरवला, ड्रॉइंगवर "आयएसओ ९०१३-२३१" असं आलं, आणि दोन्ही हीटचे पीस मोजून दाखवले तर दोन्ही बसले. स्लॅग त्या नंबरात येत नाही, तो वेगळा लिहावा लागतो, म्हणून "हाताने सुटणारा स्लॅग चालेल, चिकटलेला नाही" अशी एक ओळ खाली टाकली. फोटो लावलेले दोन नमुने, एक पास एक नापास, इन्स्पेक्शनच्या टेबलावर आणि मशीनजवळ दोन्हीकडे टांगले.

शेठना मी एकच गोष्ट आग्रहाने सांगितली, ऑपरेटरला पॅरामीटरचा पासवर्ड द्या आणि वहीही द्या. पासवर्ड नसला तर तो शेजारच्याचा वापरतो आणि नोंद होत नाही, तेच आधी झालं होतं. आता बदल करणारा तारीख, हीट नंबर, काय हलवलं आणि कट कसा आला हे लिहितो, पिअर्सिंगसुद्धा त्यात धरून. ग्लास रोज टॉर्चने तिरपी बघतात. दोन्ही हीटची सेटिंग वेगवेगळ्या नावाने लायब्ररीत सेव्ह आहेत, आणि प्लेट आली की अनलोड करायच्या आधी सर्टिफिकेटवरचं सिलिकॉन बघून कुठलं नाव लावायचं ते ठरतं. जास्त सिलिकॉनच्या प्लेटला कटिंगचा वेळ जास्त जातो, तो कुणाच्या दरात धरायचा यावर शेठ आणि कस्टमर अजून बोलतायत.